दारापर्यंत पोचता आलं पाहिजे
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



अपंग व्यक्तींना नोकरी शोधताना जी मदत लागते, त्यासाठी आजचा निधी आहे. या विषयावर तुम्ही बोला, असं समितीने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. कारण कानातलं यंत्र केसांखाली झाकून मी इतकी वर्षं तुमच्यात वावरले. गणपतीत, दिवाळीत कुणी काही विचारलं आणि कळलं नाही, की हसून मान डोलवायची. काहींना मी शिष्टही वाटले असेन. आज केस मागे बांधून आले आहे.

ख्राइस्टचर्चला आल्यावर ऐकू येणं आणखी कमी झालं आणि हातातली नोकरी सुटली. म्हणून नोकरी शोधायला मदत करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात वेळ घेतली. दहा मिनिटं आधीच जाऊन बसले. तिथे नाव पुकारायची पद्धत. माझं नाव, तेही इथल्या उच्चारात, पाठीमागून पुकारलं गेलं. मला पत्ताच नाही! तासाभराने काउंटरवर गेले, तर माझ्या नावापुढे 'गैरहजर' अशी नोंद. नवीन वेळ हवी असेल तर फोन करा, म्हणाल्या. फोन! त्या बाई वाईट नव्हत्या हो, पद्धतच तशी होती. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "बस चुकली." खरं सांगायची लाज वाटली. चूक माझी नव्हती, तरी लाज मलाच वाटली.

पुढच्या वेळी कागदावर लिहून नेलं : मला ऐकू येत नाही, पाळी आली की हात करा. त्यांनी हात केला. खर्च काही नाही. पण कागद न्यायचं ज्याला सुचत नाही, किंवा धीर होत नाही, त्याचं काय?

आपल्या शहराचंच उदाहरण बघा. समनरच्या समुद्रकिनाऱ्यावर आपण सहलीला जातो. तिथे १८८० साली सरकारने कर्णबधिर मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. मोठं काम होतं ते. पण मुलांनी ओठ वाचून बोलायलाच शिकावं, हातांनी खुणा करू नयेत, असा तिथला आग्रह. १९७९च्या सुमारास धोरण बदलेपर्यंत जवळजवळ शंभर वर्षं हे चाललं. त्याच खुणांची भाषा २००६ साली कायद्याने न्यूझीलंडची अधिकृत भाषा झाली. म्हणजे हेतू चांगला असूनही, ज्याच्यासाठी करायचं त्याला न विचारता केलं, की असं होतं.

आपल्याकडेही तेच. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५च्या परीक्षेत त्या ७७३व्या आल्या. रेल्वेच्या लेखा सेवेत जायच्या, पण दिसत नाही म्हणून नेमणूक नाकारली गेली. तेव्हा १९९५चा अपंगांसाठीचा कायदा होता, सरकारी नोकरीत तीन टक्के राखीव जागा होत्या. २०१६च्या कायद्याने त्या चार टक्के झाल्या. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४वा क्रमांक आला आणि त्या आयएएस झाल्या. २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण एका नोकरीसाठी दोनदा गुणवत्ता सिद्ध करायची ताकद प्रत्येकात कुठून येणार?

न्यूझीलंडमध्ये राखीव जागा नाहीत. इथे १९९३चा मानवी हक्क कायदा आहे. अपंगत्वामुळे नोकरीत भेदभाव करायचा नाही आणि वाजवी असेल तेवढी सोय मालकाने करून द्यायची, असं तो सांगतो. अपंगांच्या कार्यशाळांना किमान वेतनातून सूट देणारा १९६०चा जुना कायदा २००७ साली रद्द झाला. २००८ साली देशाने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली; त्याचं २७वं कलम कामाच्या हक्काबद्दलच आहे. कागद चांगले आहेत. पण माणूस अडकतो तो प्रतीक्षागृहात, पायरीपाशी, किंवा 'फक्त फोनवर संपर्क साधा' या ओळीपाशी.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या. पहिली, निधीला सढळ हाताने मदत करा. मुलाखतीला दुभाषा, टॅक्सी, सोबत, या साध्या गोष्टींना पैसे लागतात. दुसरी मागणी पैशांची नाही. आपल्यातले कितीतरी जण दुकानं चालवतात, ऑफिसात माणसं निवडतात. जाहिरातीत ईमेलचा पत्ता द्या. मुलाखतीला बोलावताना विचारा, "तुम्हाला काही सोय लागेल का?" सगळ्यांनाच विचारा, म्हणजे कुणाला वेगळं वाटणार नाही. आणि 'बिचारी' म्हणू नका. बिचारीला कुणी कामावर ठेवत नाही.

हे भाषण मी लिहूनच आणलं आहे आणि पुस्तिकेसाठी समितीकडे देणार आहे. इथे माझ्यासारखं कुणी मागच्या रांगेत बसून नुसतंच हसून मान डोलवत असेल, तर त्यांनी घरी जाऊन वाचावं आणि जमलं तर मला भेटावं.