विषयांची निवड : पालकांचा गृहपाठ

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त म्हसावद येथे झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने धर्म, सेवा व दान यांवर पुष्कळ बोलले गेले, आणि ते उचितच आहे. मला मात्र आपल्या घराघरांत दरवर्षी घडणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज समोर येतो. शाखा व विषय अर्ध्या तासात ठरतात, तेही बहुधा दुकानात, गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता. तोळाभर सोने घ्यावयाचे तर आपण चार ठिकाणी भाव विचारतो. येथे मात्र शेजारच्या मुलाने काय घेतले एवढेच विचारतो.

दहावीपर्यंत निवडीला वाव थोडा असतो. गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे सर्वांनाच असतात. मराठी 2020 च्या कायद्याने अनिवार्य झाली आहे. संपूर्ण हिंदी की हिंदी-संस्कृत संयुक्त, एवढाच प्रश्न बहुतेकांपुढे येतो. खरी निवड अकरावीला होते.

आपल्या समाजात वाणिज्य शाखेचा ओढा मोठा, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने बोलतो. या शाखेत अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती असा पर्याय असतो. गणिताला भिऊन मुले दुसरा विषय घेतात आणि पालकही मान डोलावतात, कारण त्यात गुण चांगले पडतात. मग बारावीनंतर हाच मुलगा सी.ए. होण्याचे स्वप्न घेऊन फाउंडेशन परीक्षेस बसतो, तेव्हा चारांपैकी एक प्रश्नपत्रिका व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राची निघते. गणित सोडलेल्याला सी.ए. होता येत नाही, असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ जण होतात. पण ज्याला टाळले तेच दोन वर्षांनी वेगळ्या नावाने पुढे येणार, हे त्या मुलाला आधी कोणी सांगितलेले नसते. ते सांगणे हे आपले काम. सांगितल्यावरही त्याने दुसरा विषय घेतला, तर ती त्याची निवड झाली. न सांगता घेतला, तर तो केवळ योगायोग.

विज्ञान शाखेचे गणित त्या मानाने सरळ आहे. वैद्यकीयसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र व गणित. औषधनिर्माण व कृषी पदवीसाठी गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असले तरी मार्ग मिळतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत स्थलसेनेसाठी कोणतीही शाखा चालते, परंतु नौदल व हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. 2021 पासून ही परीक्षा मुलींनाही खुली झाली आहे. मातांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

मुलींचा विषय निघालाच आहे म्हणून एक स्पष्ट बोलतो. आपल्या भागात कित्येकदा मुलीची शाखा तिच्या आवडीने न ठरता एस.टी.च्या वेळापत्रकाने ठरते. शहाद्याला वा नंदुरबारला रोज जाणे-येणे नको, म्हणून जवळ जे मिळेल ते. भाऊ मात्र नाशिक-पुण्यास वसतिगृहात राहतो. बारावीपर्यंत ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो, म्हणजे खर्चाची सबब पुरेशी नाही. राहते ती काळजी. ती खरी आहे; पण चार घरांच्या मुली एकत्र जाऊ लागल्या की पुष्कळ हलकी होते.

आता कला शाखा. तिचे नाव काढताच आपल्याकडे चेहरे उतरतात. सीमाभागातील सदलग्याच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी प्राकृताची वाट धरली. 1930 साली ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसाराची त्यांची 1935 ची आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाती असते. आपल्या राज्य मंडळाच्या विषयांत अर्धमागधी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? 2024 साली केंद्र शासनाने मराठीबरोबरच प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. तरीही मी कोणास केवळ समाजाच्या अभिमानापोटी अर्धमागधी घ्या म्हणणार नाही. शिकविणारा असेल आणि मुलाला भाषेची गोडी असेल तरच घ्यावी.

गोडी ओळखावी कशी? निकालपत्रक त्यासाठी अपुरे आहे. कोणती वही मूल न सांगता उघडते, कोणत्या विषयाच्या शिक्षकाविषयी घरी येऊन बोलते, न सुटलेल्या उदाहरणापाशी किती वेळ बसते, हे आईला बहुधा माहीत असते. वडिलांनी तिला विचारावे. वर्गशिक्षकांनाही निकालानंतरच्या गर्दीत न गाठता दिवाळीनंतरच भेटावे. आणि मुलाला "तुला काय व्हायचे आहे" असे विचारू नये. पंधराव्या वर्षी त्याचे उत्तर कोणाजवळ असते? "कोणता विषय दोन वर्षे रोज करायला कंटाळणार नाहीस" असे विचारावे.

ट्रस्टला एक विनंती आहे. दरवर्षी जानेवारीत दोन रविवार या सभागृहात नववी-दहावीच्या मुलांसाठी राखून ठेवावेत. आपल्यातीलच सी.ए., डॉक्टर, अभियंते, शिक्षिका, शेती करणारे असे जे कोणी असतील, त्यांनी कोणते विषय घेतले होते व पुढे काय अडले, एवढेच मुलांना सांगावे. त्या बैठकीस जैनेतर मुलांनाही बोलवावे. सातपुड्याच्या पाड्यांवरून येथे शिकावयास येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी हा अर्ज वाचून दाखविणारेही कोणी नसते. विश्वस्तांनी होकार दिल्यास पहिल्या रविवारची तयारी मी आनंदाने करीन.