बोटीतून आलेली टक्केवारी



मला ‘वेस्ट इंडीजचे देश आणि तिथली माणसं’ या विषयावर बोलायला उभं केलंय. मी मॅट्रिक. दिवसा गोदीत माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. प्राध्यापकी बोलणं जमणार नाही. गोदीवाल्यासारखं बोलतो.

गल्लीत क्रिकेट खेळताना आम्हांला वाटायचं, वेस्ट इंडीज हा एक देश आणि तिथं सगळे काळे. मग शिवनारायण चंदरपॉल कुठून आला? म्हाताऱ्यांच्या तोंडी रोहन कन्हाय असायचा, तो कुठला? मास्तरांनी सांगितलं नाही. पुढं कळलं, असा देशच नाही. बऱ्याच देशांचा मिळून तो एक संघ. हे दोघेही गयानाचे.

आता तिथली जनगणना बघा. जमैकात २०११ साली शंभरातले ९२ काळे. त्रिनिदादमध्ये त्याच साली भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२. गयानात २०१२ साली भारतीय ३९.८, आफ्रिकी २९.३, आणि ज्यांची ती जमीन ते आदिवासी फक्त १०.५. शेजारच्या सुरीनाममध्ये जावा बेटावरून आणलेल्यांचे वंशज १३.७ टक्के.

विद्वान म्हणतात, काय ही विविधता! मला विविधता दिसत नाही. मला बोटीच्या मालाची यादी दिसते. माल स्वतःच्या पायानं धक्क्यावर येत नाही. कुणीतरी मागवतो, कुणीतरी भरतो, कुणीतरी त्यावर पैसा करतो. मालकाच्या हिशेबाबाहेरचा एक रकाना मात्र मला सापडला. सुरीनामचे मरून, २१.७ टक्के. मळ्यांवरून जंगलात पळून गेलेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांच्यातल्या एका जमातीशी डचांना १७६० साली तह करावा लागला.

बाकी यादी उसानं लिहिली. आफ्रिकेतून सव्वा कोटी माणसं बोटींत कोंबली. अमेरिकेच्या किनाऱ्यांना लागली एक कोटी सात लाख. उरलेली वाटेतच मेली. ब्रिटिशांनी १८३३ साली गुलामी संपवण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामाला? छट्! मालकाला.

वर उमेदवारीच्या नावाखाली राबवून घेतलं. गयानातले गुलाम खरे सुटले १ ऑगस्ट १८३८ ला. आणि कलकत्त्याहून माणसं भरलेली पहिली बोट तिथं लागली ५ मे १८३८ ला. तारखा नीट बघा. जुना मजूर मोकळा होऊन मजुरीचा भाव विचारायच्या आत नवा मजूर दारात उभा!

१९१७ पर्यंत सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसं एकट्या गयानात नेली. बहुतेक भोजपुरी मुलखातली. करार पाच वर्षांचा. पासाशिवाय मळ्याबाहेर सापडला की तुरुंग. त्यांत ब्राह्मण होते, तसे चांभारही होते, आणि ते थोडेथोडके नव्हते. बोटीच्या पोटात सोवळं टिकलं नाही. शेजारी निजला तो ‘जहाजी भाई’ झाला. पण ‘चमार’ ही शिवी समुद्र ओलांडून गेली आणि त्रिनिदादमध्ये जिवंत राहिली.

१८४८ साली गयानात मजुरी कापली. सुटलेल्या काळ्यांनी संप केला. मळेवाल्यांनी तो करारबद्ध मजुरांच्या जोरावर मोडला. करारातल्या माणसानं काम नाकारलं तर तुरुंग, आणि केलं तर तो संपफोड्या. दोघांमधल्या वैराची एक मुळी इथं आहे. रंगात नाही, रक्तात नाही. हजेरीपटात आहे.

एकत्र यायची धडपड झाली. १९१९ साली जॉर्जटाउनच्या गोदीतला कामगार ह्यूबर्ट क्रिचलो यानं तिथली पहिली युनियन उभी केली. १९५० साली छेदी जगन आणि फोर्ब्स बर्नहॅम एका पक्षात आले. एक मळामजुरांचा पोरगा, दुसरा काळ्या शाळामास्तराचा. १९५३ साली निवडून आले; १३३ दिवसांत इंग्रजांनी फौज उतरवून त्यांचं सरकार घालवलं. १९५५ साली पक्ष फुटला. मग मतं वंशावर मागितली गेली, आणि १९६२ ते ६४ या काळात मजुरानंच मजुराचं घर जाळलं. पुढं वॉल्टर रॉडनी हा काळा इतिहासकार दोघांना पुन्हा एका झेंड्याखाली आणत होता. १३ जून १९८० ला त्याला बॉम्बनं उडवलं. वय ३८.

आता माझं सांगतो. मागं आमच्या टोळीनं रोजासाठी काम बंद केलं. ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी बिहारची पोरं ट्रकात भरून आणली. आम्ही गेटावर त्यांना ‘भय्या’ म्हणून आयमाय काढली. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला, ट्रकातून उतरायला घाबरत होता. मी दगड उचलला. मारला नाही, पण उचलला.

हे भाषण लिहिताना तो पोरगा सारखा समोर येतो. त्याच मुलखातून १८३८ पासून माणसं भरून नेली होती. मी त्याला विचारायला हवं होतं, “भाई, तुला किती रोज कबूल केलाय?” ठेकेदार आम्हांला काय देत होता, ते मला माहीत होतं. दोन्ही आकडे शेजारी मांडले असते, तर दगड कुणावर उचलायचा ते आम्हां दोघांनाही कळलं असतं.

मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.