वाळू तीच, वाळवण वेगळे



आपल्या कासार्ड्याची वाळू म्हणजे सिलिका. सिलिकेपासून पाण्याने भरलेली जेली करता येते. ती उघड्यावर वाळवली की छिद्रांतले आटते पाणी पृष्ठताणाने भिंती आत ओढते. सुक्या बांगड्यासारखी ती आक्रसते. औषधांच्या बाटलीतील ओल शोषणारे दाणे असेच बनतात.

१९३१ साली अमेरिकेत किस्लर यांनी जेलीतला द्रव प्रचंड दाब व उष्णतेखाली नेऊन वायूसारखा काढून घेतला. पृष्ठताणच उरला नाही, भिंती उभ्या राहिल्या. नव्वद टक्क्यांहून अधिक हवा असलेले एरोजेल मिळाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भिंतींना पाणी झटकणारा लेप देऊन साध्या दाबाखालीही ते साधले.

पालकहो, दहावी होताच मुलामुलींचे शिक्षण सोडवू नका. पदार्थ तोच असतो. आधार मिळाला तर आक्रसत नाही.