शस्त्रक्रियेनंतरचे तिसरे वर्ष

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावरून दरवर्षी निकालाविषयी, शिष्यवृत्त्यांविषयी आणि मुलींच्या शिक्षणाविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु चिटणीस साहेबांनी यंदा मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, म्हणून मी माझ्या स्वतःच्या पोटाविषयी बोलणार आहे. हसा, हरकत नाही. आपल्या समाजात आता बऱ्याच घरांतून ही शस्त्रक्रिया होऊ लागली आहे. पण ती कुजबुजत सांगितली जाते आणि तिच्यानंतरच्या वर्षांबद्दल तर कोणीच बोलत नाही.

मी या शाळेत रुजू झालो तेव्हा माझे वजन १२८ किलो होते आणि उंची ५ फूट ६ इंच. मुलांनी माझे नाव 'ढोल सर' ठेवले होते. ते मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, एवढेच. पुढे मधुमेह निघाला, जिना चढताना दम लागू लागला. अखेर २०१८ साली, वयाच्या २९व्या वर्षी, माझ्यावर स्लीव्ह नावाची बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया झाली. दीड वर्षात वजन ८६ किलोवर आले. ज्याने त्याने पाठ थोपटली. २०२२ साली तेच वजन ९९ किलो झाले होते. आज ते ९१ आहे. मधल्या काळात चढलेल्या त्या १३ किलोंसाठी मी आपला वेळ घेत आहे.

मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९५४च्या सुमारास लहान आतड्याला वळसा देण्याचे पहिले प्रयत्न झाले. १९६६ साली आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन या शल्यविशारदांनी जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण वजनाने उतरतात व तसेच राहतात, हे त्यांनी पाहिले होते. पुढे स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. शस्त्रक्रिया झालेले दोन हजारांवर रुग्ण आणि न झालेले तितकेच, अशी ती वर्षानुवर्षे चालली. २००७ साली प्रसिद्ध झालेले तिचे आकडे विद्यार्थ्यांनी लक्ष देऊन ऐकावेत. जठराला वळसा दिलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. पट्टा बसविलेल्यांची २० वरून १४ वर आली. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वजन मात्र जवळपास होते तेथेच राहिले. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. तेव्हा शस्त्रक्रिया उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. पण थोडेफार वजन परत येणे हाही नेहमीचा अनुभव आहे, आणि हे मला २०२२ साली कोणी सांगितले असते तर मी दोन वर्षे तोंड लपवीत फिरलो नसतो.

असे का होते? स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. काढलेल्या भागात भूक लावणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते, म्हणून सुरुवातीला भूकच मरते. त्या दिवसांत माणसाला वाटते की आपण फार संयमी झालो. वास्तविक तो संयम नसतो. वर्ष-दीड वर्षाने भूक पुन्हा डोके वर काढते. शिवाय शरीर लहान झाल्यामुळे त्याला पूर्वीइतके अन्न लागत नाही, आणि ते गेलेले वजन परत मिळविण्याच्या खटपटीत असते. खरी परीक्षा त्यावेळी सुरू होते. आम्ही मात्र तोवर पास झालो असे समजून पुस्तके बांधून ठेवलेली असतात.

माझेच सांगतो. मटणाचे चार तुकडे आणि अर्धी भाकरी खाल्ली की माझे पोट गच्च होई. परंतु चहात बुडवलेली खारी कितीही जाई! नळीतून ती सरळ घसरते. पोट भरल्याची खूणच होत नाही. फरसाण, बिस्किटे, सरबत, आइस्क्रीम यांचेही तसेच. म्हणजे जेवणाच्या ताटावर मी फकीर आणि शिक्षकांच्या खोलीत नवाब! दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे ४० ते ५० ग्रॅम, आणि साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला ४ कॅलरी. नववीच्या मुलांनी वर्षाचा हिशेब घरी करून पाहावा. मी तो केला नव्हता.

वजन वाढू लागताच मी काट्यावर उभे राहणे बंद केले. रुग्णालयाच्या तपासण्यांना जाणेही सोडले. कारण विचाराल तर शरम. एवढा खर्च केला, अम्मीने आपल्या बांगड्या मोडल्या, आणि आता डॉक्टरांना काय तोंड दाखवावे! चूक कोणा रुग्णालयाची नव्हती. त्यांची पत्रे येत होती. ती मी कपाटात टाकीत होतो.

आता घराविषयी बोलतो, कारण माझ्या मते अर्धी लढाई तेथे आहे. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवितात. अम्मीला माझी छोटी ताटली पाहून रडू येई. "माझ्या हातची चव गेली का?" असे ती विचारी. मावशीच्या घरी वलीम्याला गेलो तर चारजण एका थाळ्यावर बसतात. कोणी किती खाल्ले ते कळत नाही, आणि आग्रह मात्र सर्वांना सारखा. ताटात अन्न टाकू नये ही आपली शिकवण आहे आणि ती मी मुलांनाही देतो. पण त्यावरचा उपाय ताट चाटूनपुसून संपविणे हाच एक नाही. वाढतानाच कमी वाढणे हाही आहे. अम्मीला हे पटायला सहा महिने लागले. आता ती माझ्यासाठी वाटीभर डाळ आणि दोन अंडी आधी बाजूला काढते, आणि पाहुण्यांना दटावते की त्याला आग्रह करू नका. हे काम माझ्या डॉक्टरांकडून झाले नसते.

रमजानबद्दल अनेकजण खाजगीत विचारतात. पहिल्या वर्षी माझ्या डॉक्टरांनी रोजे ठेवू दिले नाहीत, कारण नव्या जठराला एका वेळी फार पाणी सोसत नाही आणि शरीर सुकते. आजाऱ्याला सवलत आहे, हे आपणांस मी सांगायला नको. पुढच्या वर्षांपासून त्यांना विचारून ठेवले. इफ्तारला एक खजूर, थोडे पाणी, मग नमाज, आणि नंतर सावकाश डाळ-मटण. भजी व सरबताच्या ताटापासून मी जरा लांब बसतो. पाणी मग सहेरीपर्यंत घोट घोट. प्रत्येकाने मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारावे. माझा कित्ता गिरवू नये.

बाकीचे थोडक्यात. आधी प्रथिने, दिवसाला किमान ६० ग्रॅम, भात-भाकरी त्यानंतर. जेवताना पाणी नाही. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर, आणि रक्ताची तपासणी दरवर्षी. अमेरिकेत १९९४पासून वजन घटवून टिकविणाऱ्यांची एक मोठी नोंदवही ठेवली जाते. तिच्यातील बहुतेकजण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, तो बहुतांशी चालण्याचा, आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. मीही फजरनंतर खाडीच्या पुलापर्यंत जाऊन येतो. दर जुम्म्याला वजन करून वहीत लिहितो. तीन किलो वाढले की डॉक्टरांना फोन करायचा, तेरा होईपर्यंत थांबायचे नाही, असे आम्ही ठरविले आहे. हल्ली भूक कमी करणारी इंजेक्शनेही निघाली आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर वजन वाढलेल्यांनाही डॉक्टर ती देतात. मला लागली नाहीत. ज्यांना लागतील त्यांनी घ्यावीत, त्यात कमीपणा नाही.

गेल्या वर्षी पालकसभा संपल्यावर एक गृहस्थ दाराशी घुटमळत राहिले. त्यांचीही शस्त्रक्रिया पाच वर्षांपूर्वी झालेली, वजन पुष्कळ परत आलेले, आणि शरमेने तपासणी सोडलेली. पायांना मुंग्या येतात, जिन्यात धाप लागते, असे म्हणाले. ते सारे वजनामुळे होत असावे अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना घेऊन गेलो. रक्तात ब-१२ अगदी कमी निघाले, लोहही. कोणी त्यांना रागावले नाही. इतके दिवस का आला नाहीत एवढेच विचारले. आता त्यांना ब-१२ची इंजेक्शने चालू आहेत, मुंग्या कमी झाल्या आहेत, आणि वजनही चार किलोंनी उतरले आहे. पुढील तपासणीला आम्ही दोघे सकाळच्या एकाच एस.टी.ने जाणार आहोत.

गाडीत अजून जागा आहे. कोणाला यायचे असेल, किंवा नुसते विचारायचे असेल, तर मी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत असतो. चहा बिनसाखरेचा मिळेल.