राऊटरचा दुसरा पासवर्ड

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. घरी फायबरचं कनेक्शन घेतलं, पैसे शंभर एमबीपीएसचे भरतो, तरी मागच्या खोलीत साधा व्हिडिओ अडकत अडकत चालतो, काय करावं? या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, आणि थोडक्यात देणार आहे. कारण आजचा बहुतेक वेळ मला ज्या गोष्टीवर घालवायचा आहे, तिच्याबद्दल एकाही पत्रात कुणी विचारलेलं नाही.

आधी मागच्या खोलीचं पाहू. राऊटर म्हणजे तो अँटेना असलेला डबा. फायबरची तार घरात जिथून शिरते तिथेच, म्हणजे बहुधा पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, तो अडकवला जातो. बसवणाऱ्याला ते सोयीचं असतं, तुम्हाला नसतं. वायफायच्या लहरी चहूबाजूंना पसरतात, तेव्हा कोपऱ्यातल्या डब्याची निम्मी ताकद रस्त्यावर जाते. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या हातभर जाडीच्या मातीच्या भिंती या लहरी गिळतात, पत्रा त्यांना परतवून लावतो, आणि पाण्याने भरलेला कूलर मध्ये आला तर तोही त्या शोषून घेतो. म्हणून डबा घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, मोकळ्यावर हवा. तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा फ्रिजवर नको. तुमच्या फोनवर एकाच राऊटरची दोन नावं दिसतात. त्यातलं '५जी' लिहिलेलं जवळून वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. साधं नाव दूरवर पोचतं. (या '५जी'चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काहीही संबंध नाही.) आणखी एक गोष्ट खास खान्देशाची. बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानाची हमी दिलेली असते. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत आपण ती केव्हाच ओलांडलेली असते. दुपारी नेट मंद होतं आणि संध्याकाळी सुधारतं, अशी तक्रार असेल तर डबा आधी गार जागी हलवा, मग कंपनीला फोन करा.

आता खरी गोष्ट. राऊटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो पाहुणे आल्या आल्या मागतात. दुसरा राऊटरच्या आत शिरण्याचा. तो वापरून वायफायचं नाव, पासवर्ड, कोणाला जोडू द्यायचं, कोणती वाट उघडी ठेवायची, सगळं ठरवता येतं. शेतकरी मंडळींना कळेल अशा शब्दांत सांगतो. पहिला पासवर्ड शेतात पाय ठेवण्याचा, दुसरा सातबाऱ्यावर नाव चढवण्याचा. आणि आपल्याकडच्या असंख्य घरांत हा दुसरा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच आहे. नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. हे तुम्हाला माहीत नसेल, पण ज्याला तुमच्या राऊटरमध्ये शिरायचंय त्याला ते पक्कं माहीत आहे. कोणत्या कंपनीच्या डब्याला कोणता मूळ पासवर्ड असतो, याच्या याद्या इंटरनेटवर कुणालाही मिळतात.

ही भीती कागदी नाही. २०१६ साली 'मिराई' नावाचा एक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याच्याकडे काही अफाट युक्ती नव्हती. मूळ नावं आणि मूळ पासवर्ड यांच्या साठेक जोड्यांची एक यादी होती, एवढंच. ती यादी घेऊन तो राऊटर, सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर यांची दारं एकामागून एक ठोठावत गेला, आणि लाखो दारं उघडली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात याच गुलाम यंत्रांचा मारा अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिथे काही तास अडखळल्या. अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्याच देशातलं सांगतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम कर्नाटकासह देशाच्या काही भागांत एकाएकी बंद पडले. ज्यांचा पासवर्ड मूळचा, 'ॲडमिन'च होता, ते मोडेम सापडले. या वेळी शिरणाऱ्या प्रोग्रॅमने मोडेमच्या आतली स्मृतीच खराब केली. कंपनीने ग्राहकांना तेव्हा जे आवाहन केलं ते मी आज करतोय: पासवर्ड बदला. एवढी वर्षं झाली, आणि अजून रेडिओवरून तेच सांगावं लागतं!

यावर पहिलं उत्तर येतं ते आपल्या खास अहिराणी ठसक्यात: आमनं काय जास? आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? या प्रश्नात एक गैरसमज आहे. शिरणारा तुमचं घर निवडत नाही. त्याला तुम्ही रावेरचे केळीचे व्यापारी आहात की शिरपूरचे मास्तर, याच्याशी देणंघेणं नसतं. प्रोग्रॅम रात्रंदिवस सगळ्या जगाची दारं ठोठावत असतो, आणि जे उघडतं ते घेतो. त्याला तुमच्या फायली नको असतात. त्याला तुमचा डबा आणि तुमचं कनेक्शन हवं असतं. दुसरा आक्षेप अधिक जाणत्यांचा असतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. ते म्हणतात, बँकेचं पान कुलपाच्या खुणेचं असतं, वर ओटीपी येतो, मग राऊटर कुणाच्या हाती गेला तरी पैसे कसे जातील? खरं आहे, ही दोन संरक्षणं मोठी आहेत. पण राऊटर ताब्यात असणारा माणूस तुम्ही टाकलेला पत्ता कुठे न्यायचा हे ठरवू शकतो. ब्राझीलमध्ये २०११च्या सुमारास सुमारे पंचेचाळीस लाख मोडेममधली पत्ता कुठे न्यायचा याचीच नोंद बदलली गेली होती. लोक ओळखीच्या संकेतस्थळाचं नाव टाकत आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर पोचत. आज अशा वेळी ब्राउजर बहुधा लाल सूचना देतो. ती सूचना पाहून 'पुढे जा' दाबणारे आपल्यात किती आहेत, हे मी बोलत नाही. तुम्हीच मनात मोजा.

तरी पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या थोडं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपासात तो ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकी रहिवाशाच्या घरातल्या इंटरनेट कनेक्शनवरून गेल्याचं निघालं. त्या माणसाचा स्फोटांशी संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, आणि कुणीतरी ते वापरून निघून गेलं होतं. पण पोलीस आले ते त्याच्या दारी. संगणक जप्त झाले, चौकशी झाली, जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव आलं. पुढच्या दोन महिन्यांत तसेच ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. त्यानंतर २००९च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या. मुद्दा असा की बाहेरच्या जगाला तुमच्या घरातले फोन वेगवेगळे दिसत नाहीत. दिसतो तो तुमच्या कनेक्शनचा एक पत्ता, आणि त्या पत्त्याशी कंपनीच्या वहीत तुमचं नाव, तुमचं आधार कार्ड, तुमची सही जोडलेली असते. तेव्हा राऊटर कोण चालवतो याचा जाब विचारला जाईल तो तुम्हालाच. शेजारच्या पोराला वायफायचा पासवर्ड दिला तर काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावं. शेजारधर्म मोडा असं मी म्हणत नाही. बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वायफाय देता येतं, ते द्या. पण ते चालू करायलाही आतला पासवर्ड लागतो, आणि तो केबलवाल्याकडे असतो.

हो, केबलवाला. याच्यावर थोडं बोलणं भाग आहे. कनेक्शन जोडणारा मुलगा दिवसात अनेक घरं करतो. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून तो सगळीकडे एकच पासवर्ड टाकतो. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. पण त्या गल्लीतल्या प्रत्येक घराचा सातबारा मग एकाच चिठ्ठीवर असतो, आणि ती चिठ्ठी तो नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर जाते. तो कनेक्शन जोडून गेला की लगेच दोन्ही पासवर्ड बदलायचे, हे तुमचं काम आहे, त्याचं नाही. नव्या काही डब्यांवर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड चिकटपट्टीवर छापलेला असतो. ते चांगलं आहे, पण दुकानात काउंटरवर ती चिकटपट्टी गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवू नका.

बरं, पासवर्ड ठेवायचा कसा? वायफायला किमान आठ अक्षरं लागतात, म्हणून लोक एक ते आठ आकडे ठेवतात, किंवा स्वतःचा मोबाइल नंबर. ज्यांचा पासवर्ड एक ते आठ आकडे आहे त्यांनी रेडिओ बंद केला तरी चालेल... नाही, करू नका, हे भाषण तुमच्यासाठीच आहे. हिशेब ऐका. तुमच्या वायफायला फोन जोडला जातो त्या क्षणाची देवघेव बाहेर उभ्या माणसाला टिपता येते. मग ती घरी नेऊन संगणकावर एकेक पासवर्ड लावून पाहायचा. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला दहा लाखांच्या घरात प्रयत्न करतो. आठ आकड्यांचे एकूण प्रकार दहा कोटी, म्हणजे दोन मिनिटंही लागणार नाहीत. मोबाइल नंबर सहा ते नऊ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे चारशे कोटी प्रकार. ते सव्वा तासात संपतात. आणि हा हिशेब तुमचा नंबर कुणाला ठाऊकच नाही असं धरून आहे. दुकानाच्या पाटीवर तो ठळक लिहिलेला असतो! याउलट, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तर प्रकारांची संख्या प्रचंड वाढते आणि तुम्हाला लक्षातही राहतात. उदाहरणार्थ, भरीत, टपाल, काजवा, सायकल. हेच चार मात्र ठेवू नका, आत्ता अख्ख्या खान्देशाने ऐकलेत.

आता कागद-पेन्सिल घ्या. फोन घरच्या वायफायला जोडलेला ठेवा. क्रोम उघडा, आणि अगदी वर जिथे संकेतस्थळाचा पत्ता असतो तिथे आकडे टाका: एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक. नाही उघडलं तर शेवटून दुसरा एक काढून तिथे शून्य टाका. तेही नाही तर डबा उलटा करा, खालच्या चिकटपट्टीवर पत्ता असतो. पान 'सुरक्षित नाही' असं म्हणेल. इथे ते चालतं, कारण हे पान तुमच्याच घरातल्या डब्यातून आलंय. बँकेच्या पानावर तीच सूचना आली तर मागे फिरायचं. नाव-पासवर्ड टाकून आत गेलात की 'मॅनेजमेंट', 'सिस्टिम' किंवा 'ॲडमिनिस्ट्रेशन' अशा नावाखाली पासवर्ड बदलण्याची जागा सापडेल. काही कंपन्या ग्राहकाला आतलं पूर्ण पान देत नाहीत. मग त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून 'माझ्यासमोर बदला' म्हणा. बदललेला पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. पासवर्ड लिहू नये असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, पण या पासवर्डचा चोर तुमच्या कपाटापर्यंत येणारा नाही.

तिथे आत असताना तीन गोष्टी उरकून घ्या. 'रिमोट मॅनेजमेंट' चालू दिसलं तर बंद करा. 'डब्ल्यूपीएस' बंद करा, त्याच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ सालीच उघड झाली आणि ती जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत सापडते. सुरक्षिततेचा प्रकार 'डब्ल्यूपीए-टू' किंवा 'थ्री' असू द्या.

आणि कृपा करून, डब्याच्या मागचं ते बारीक भोक, 'रीसेट'चं, टाचणीने दाबू नका. नेट अडकलं की बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं, आणि रीसेट वेगळं. रीसेट केलंत की तुम्ही बदललेला पासवर्ड जाऊन मूळचा 'ॲडमिन' परत येतो, आणि बऱ्याचदा कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊन नेट बंद पडतं ते माणूस येईपर्यंत. 'एलओएस'चा दिवा लाल झाला असेल तर दोष तारेत आहे, डब्यात नाही. फक्त फोन करा. तारेच्या टोकात डोकावू नका, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही.

दुकानदार मंडळी, हे सगळं तुमच्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरलाही लागू आहे. त्याचाही पासवर्ड बदला. आणि एवढं करूनही कुणाच्या खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. एक-नऊ-तीन-शून्य, म्हणजे १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते. पण तो फोन करायची वेळ येण्याआधी, आज रात्री जेवणं झाली की, आतला पासवर्ड बदला. मुलाला सांगतो, उद्या बघतो, असं नको. मुलगा पुण्यात असतो, राऊटर तुमच्या घरी आहे.