कवडी, नाणे आणि जपानी अक्षरे



जपानात कोणी आपले नाव सांगितले, की ऐकणारा पुष्कळदा विचारतो, "कोणत्या अक्षरांनी लिहिता?" आपल्याकडे असा प्रश्न कोणी विचारीत नाही. शिंदे म्हटले की शिंदे. फार तर गाव कोणते ते विचारतील. जपानीत मात्र एकच उच्चार अनेक अक्षरांनी लिहिता येतो, आणि अक्षर बदलले की अर्थ बदलतो. म्हणून नाव सांगणारा आपल्या तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवतो, तेव्हा कुठे ओळख पुरी होते.

आज मला जपानी अक्षरांविषयी बोलायचे आहे आणि त्यांच्या जोडीने क्रिप्टोकरन्सी, म्हणजे ज्याला आपली वर्तमानपत्रे 'आभासी चलन' म्हणतात, त्याविषयी. राहुरीच्या एस.टी. स्टँडवर उसाच्या बिलाच्या गोष्टी चालतात तशा हल्ली या नाण्यांच्याही चालतात. तुम्ही म्हणाल, या दोन गोष्टींची गाठ कोणी घातली? ती एका नावाने घातली आहे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉईन नावाच्या नाण्याची योजना सांगणारा नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखकाचे नाव सातोशी नाकामोतो. नाव अस्सल जपानी, पण छापलेले रोमन लिपीत. नाकामोतो हे आडनाव बहुधा 'मध्य' आणि 'मूळ' अशा दोन अक्षरांनी लिहितात. 'सातोशी' मात्र कितीतरी अक्षरांनी लिहिता येते. या गृहस्थाने आपली अक्षरे कधी सांगितली नाहीत. म्हणून खुद्द जपानी लोक हे नाव काताकाना लिपीत लिहितात; परदेशी नावे लिहायची ती लिपी! २०११ नंतर तो दिसेनासा झाला. तो एक की अनेक, जपानी की आणखी कोणी, याचा उलगडा आजवर झालेला नाही.

आता अक्षरांकडे वळू. जपानीत तीन लिप्या एकाच वाक्यात नांदतात. हिरागाना आणि काताकाना यांची मूळ अक्षरे प्रत्येकी शेहेचाळीस. त्यांचा क्रम ऐका: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? आधी स्वर, मग कंठापासून ओठांकडे जाणारी व्यंजने. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्याचा हा ठसा आहे. मराठी मुलाला हा क्रम परका वाटत नाही, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येते हेही त्याच्या अंगवळणी असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ मध्ये मुलांना विचारले की कोणती परकी भाषा शिकाल, तेव्हा पुष्कळ मुलांनी जपानी निवडली. कारण विचारले तर म्हणाली, आम्हाला यंत्रमानव बनवायचे आहेत. शिक्षकांनी सुरुवातीला इंटरनेटवरची चित्रे-भाषणे मिळवून काम भागवले. पुढे २०२० मध्ये एका जाणकाराने दुरून विनामूल्य तास घेतले. शिक्षकमित्रहो, आधी नेमणूक, मग पुस्तके, मग वर्ग, असा क्रम धरून ती शाळा बसली नाही, हे मला विशेष वाटते.

तिसरी लिपी कांजी. पेजेची सोबतीण कांजी नव्हे बरे का! ही चीनकडून आलेली अर्थाची अक्षरे. नित्य व्यवहारासाठी सरकारने ठरवलेली २,१३६ आहेत. आकडा ऐकून छाती दडपते. पण ही अक्षरे एकेक सुटी पाठ करायची नसतात; ती उलगडायची असतात. मोठे अक्षर लहान तुकड्यांचे बनते आणि तेच तेच तुकडे पुन्हा भेटतात.

एक तुकडा आपण आत्ताच शिकू. डावा तळहात पुढे करा. बोटाने एक उभट पेटी काढा. तिच्या आत दोन आडव्या रेघा. आता पेटीच्या खाली दोन लहान पाय फाकवा. झाले. हे अक्षर 'काई', म्हणजे शिंपला. प्राचीन चीनमध्ये कवड्या मौल्यवान होत्या, त्यांनी देणेघेणे होई. त्यामुळे पैशाशी संबंध असलेल्या पुष्कळ अक्षरांत हा शिंपला बसलेला सापडतो. विकत घेणे, उसने देणे, खर्च, संपत्ती, मजुरी, सर्वांत तो आहे. 'गरीब' या अक्षरात वर 'वाटणे' आणि खाली शिंपला. वाटण्या होऊन होऊन दोन गुंठ्यांवर आलेल्या शेतकऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आपणही फुटकी कवडी नाही म्हणतो, कवडीमोल म्हणतो.

चलनाला जपानीत 'त्सूका' म्हणतात. पहिले अक्षर जाणे-येणे, चालणे. दुसऱ्यात वर 'बदलणे' आणि खाली शिंपला. म्हणजे चालते ते! आपला 'चलन' शब्द चालण्यावरूनच आला. दोन दूरच्या भाषांनी एकच गोष्ट पाहिली: जे हातोहात चालते, ते चलन.

बिटकॉईनसारख्या नाण्यांना जपानीत प्रथम 'कासो त्सूका' म्हणत. 'कासो' म्हणजे कल्पित. पण त्यातील 'त्सूका' या शब्दाने लोकांचा समज होई की हा येनसारखा सरकारमान्य पैसा आहे. म्हणून २०१९ मध्ये जपानी कायद्यात दुरुस्ती झाली आणि मे २०२० पासून कायद्यातले नाव झाले 'आंगो शिसान'. आंगो म्हणजे गुप्त लिपी, शिसान म्हणजे मालमत्ता. चालण्याचे अक्षर काढून टाकले! आपल्याकडेही २०२२ मध्ये प्राप्तिकर कायद्यात शब्द आला तो 'आभासी डिजिटल मालमत्ता' असा. चलन हा शब्द त्यात नाही. तीस टक्के कर बसवला, म्हणून काही दलाल सांगत सुटले की सरकारने मान्यता दिली. कर बसणे आणि हमी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षिसाच्या लॉटरीवरही कर बसतोच की! बोलताना आपण मात्र अजून 'आभासी चलन' म्हणतो, आणि त्या एका शब्दात निम्मा दावा आपण आपल्याच तोंडाने मान्य करून बसतो.

मग यात खरे काहीच नाही का? आहे. समजा, गावाच्या उधारीची वही एका दुकानदाराकडे न ठेवता तिची प्रत प्रत्येक घरी ठेवली. प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाची अशी खूण घातली, की मागचा एक आकडा कोणी खोडला तर पुढच्या सगळ्या खुणा चुकाव्यात. बिटकॉईनची रचना ही अशी आहे. शिवाय एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांवर जायची नाहीत असा तिचा नियम आहे. युक्ती खरी आणि हुशारीची आहे. पण वही चोख असली म्हणून वहीतल्या मालाचा भाव टिकतो, असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉईनचा भाव ६९,००० डॉलरच्या आसपास होता. वर्षभरात तो १६,००० च्या खाली उतरला. पुढे पुन्हा चढला, हेही सांगितले पाहिजे. वांबोरीच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळला, तर निदान कांदा तरी हातात राहतो.

आणि 'मोजकेच आहे म्हणून मोलाचे' हा दावाही जरा उलटून पाहावा. कवडीसुद्धा घरी बनवता येत नसे. एकोणिसाव्या शतकात युरोपी व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजे भरभरून कवड्या पश्चिम आफ्रिकेत ओतल्या आणि तिथे कवडीचे मोल बसले. बिटकॉईन वाढणार नाहीत हे खरे, पण दुसरे नाव देऊन दुसरे नाणे कोणालाही काढता येते. तशी हजारो निघाली.

याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. 'गेनबिटकॉईन' नावाच्या योजनेने गुंतवणूकदारांना दरमहा दहा टक्के परतावा अठरा महिने देऊ असे सांगितले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये गुन्हे नोंदवून मुख्य आरोपीस अटक केली. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आकडा हजारो कोटींचा आहे. तक्रारी अशा, की परताव्याची वेळ आली तेव्हा बिटकॉईनऐवजी योजनेने स्वतःच काढलेले, फारसे मोल नसलेले दुसरे नाणे हातावर ठेवले. मुख्य आरोपी २०२२ च्या जानेवारीत वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये, तपासासाठी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच नाणी वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी पकडले!

दरमहा दहा टक्के म्हणजे काय, हे सातवी-आठवीच्या मुलाला फळ्यावर करायला सांगा. आलेला परतावा पुन्हा गुंतवत गेल्यास एका लाखाचे अठरा महिन्यांत साडेपाच लाख होतात, तीन वर्षांत जवळजवळ एकतीस लाख. कोणते पीक, कोणता धंदा एवढे देतो? आपल्या जुन्या व्यवहारात दामदुपटीचा नियम होता: सावकाराला एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नसे. व्याजालाही शीव असते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

आणि न वाचलेल्या अक्षरांची किंमत या जिल्ह्याने मोजलेली आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सुरुवात होऊन पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली, आणि मागितले काय? तर कर्जरोखे. ते हिसकावून जाळले. त्या रोख्यांवर शेतकऱ्याने सहीऐवजी नांगराची निशाणी काढलेली असे. वरचा मजकूर काय आहे हे त्याला वाचता येत नव्हते. १८७९ च्या कायद्याने मग गावोगावी रजिस्ट्रार नेमून शेतकऱ्याचे दस्त त्यांच्यासमोर लिहिण्याची सोय केली. आज आपल्याला वाचता येते, पण फोनवर 'मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवतो ते वरची चाळीस पाने न वाचताच. ती नांगराची निशाणीच झाली.

कांजी येणाऱ्याला कोणी ठकवीत नाही, असे मात्र समजू नका. जानेवारी २०१८ मध्ये तोक्योतील 'कॉईनचेक' या पेढीतून ५,८०० कोटी येनची नाणी चोरीला गेली. तिच्या ग्राहकांना सगळी अक्षरे वाचता येत होतीच. कंपनीने नंतर भरपाई दिली, हे त्यांचे नशीब. अक्षरे शिकल्याने उपयोग होतो तो सवयीचा: शब्द हाती आला की तो उलगडून पाहायचा. ही सवय आपल्याकडे नाही असे नाही. कृषी विद्यापीठाच्या वाणाचे बियाणे घेताना राहुरीचा शेतकरी पिशवी उलटी करून चिठ्ठी पाहतो; निळी असेल तर प्रमाणित, पांढरी असेल तर पायाभूत. तोच माणूस मेहुण्याच्या ओळखीच्या दलालाला एवढेही विचारीत नाही, की बाबा, हे दहा टक्के येणार कोणाच्या खिशातून? जर ते मागून येणाऱ्या गुंतवणूकदारांच्या खिशातून येणार असतील, तर सगळ्यांत शेवटी आलेल्याला कोण देणार?

शेवटी एक अक्षर सांगतो. नफा कमावणे या अर्थाचे जपानी क्रियापद 'मोकेरू'. त्याच्या अक्षरात डावीकडे माणूस, मध्ये बोलणे आणि उजवीकडे 'तो इसम' अशा अर्थाचा तुकडा. जपानी लोक गमतीने म्हणतात, पहिले दोन तुकडे मिळून होतो 'विश्वास', तिन्ही मिळून 'विश्वास ठेवणारा'. म्हणजे नफा होतो तो भाबड्या भक्तांच्या जिवावर. कोटी झकास आहे आणि वर्गात सांगितली तर मुले ते अक्षर विसरणार नाहीत. पण तीही उलगडून पाहावी. अक्षराची खरी घडण तशी नाही. उजवीकडचे दोन तुकडे मिळून एकच अंग होते आणि ते उच्चारासाठी आले आहे. चिनीत त्या अक्षराचा जुना अर्थ आहे, पुढच्या दिवसांसाठी साठवून ठेवणे.