ताऱ्यांभोवतीची धूळ आणि ज्ञानातील गुंतवणूक



रायपूरचा हा सदर बाजार सराफीसाठी प्रसिद्ध आहे. सोन्याचे काम चालते तेथील केरही कोणी फेकून देत नाही. झारेकरी तो धुऊन त्यातील सुवर्णकण वेगळे करतो. खगोलशास्त्रानेही ताऱ्यांभोवतीच्या धुळीतून असेच मोलाचे ज्ञान मिळविले आहे.

अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांचा ‘आयरास’ हा अवरक्त उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात गेला. सुमारे २५ प्रकाशवर्षे दूर असलेला अभिजित हा त्याचा प्रमाण तारा होता. त्याच्याकडून किती अवरक्त प्रारण यावे, याचा हिशेब ठरलेला होता. प्रत्यक्षात दीर्घ तरंगलांबीवर त्याहून कितीतरी अधिक आले. ही जादा जमा भोवतालच्या धुळीची होती. ताऱ्याचा प्रकाश शोषून धूळ किंचित तापते व ती उष्णता अवरक्त रूपात बाहेर टाकते.

अर्थशास्त्रातील साठा आणि प्रवाह हा भेद येथेही लागू पडतो. ताऱ्याच्या प्रारणामुळे धूळ आत ओढली जाते किंवा दूर लोटली जाते; तिचे आयुष्य ताऱ्याच्या वयापेक्षा पुष्कळच कमी असते. तरीही साठा टिकून आहे, त्या अर्थी पुरवठा चालू आहे. लघुग्रह व धूमकेतूंसारखे पिंड परस्परांवर आदळून नवी धूळ निर्माण करीत असतात. ग्रहरचनेचा पुरावा तो हाच. २०२४ मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत अभिजितची तबकडी मात्र अनपेक्षितपणे एकसारखी आढळली. मोठ्या ग्रहाच्या खुणा तीत दिसल्या नाहीत.

वातावरणातील बाष्प अवरक्त किरण शोषून घेते. म्हणून उंची आवश्यक ठरते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून फुग्याद्वारे उंच पाठवून तारे जन्मतात त्या धूलिमेघांचा अभ्यास केला. गुरुशिखरावर १.२ मीटरची अवरक्त दुर्बीण आहे, तर लडाखमधील हानले वेधशाळा सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे.

अशी साधने खर्चिक असतात; परंतु आयरास, स्पिट्झर व वाइज यांची निरीक्षणे सर्वांना विनामूल्य खुली आहेत. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात खगोलभौतिकीचे अध्यापन होते. येथील विद्यार्थ्यालाही या भांडारातून नवे काही शोधता येईल. त्यासाठी संगणक, प्रशिक्षित अध्यापक आणि सातत्यपूर्ण अर्थसाहाय्य हवे. मूलभूत विज्ञानावरील खर्चाचे फळ एका अर्थसंकल्पीय वर्षात मोजता येत नाही. नियोजनकर्त्यांनी हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.